यल्लाप्पाअण्णांच्या नाकावरचं मशीन

यल्लाप्पाअण्णा घराला कुलूप लावतात, दहा पावलं चालतात, परत येतात आणि कुलूप ओढून बघतात. एवढं आपल्यातले पुष्कळजण करतात. अण्णा त्यापुढे जाऊन मला हाक मारतात, माझ्याकडूनही कुलूप ओढून घेतात आणि मी ओढत असताना ‘हा माणूस एवढ्या जोरात का ओढतोय’ अशा नजरेनं बघत उभे राहतात.

वडगावात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याच्या शेडात दोन पॉवरलूम. अण्णा साड्या विणतात, मी अनगोळच्या शाळेत शिकवतो. दर गुरुवारी संध्याकाळी गल्लीतल्या देवळात ते भजन म्हणतात आणि मी पेटी वाजवतो. वीस वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताला बसतोय. अजून त्यांचा माझ्यावर पुरता विश्वास बसलेला नाही.

“ह्येच्यात कायतर हाय, मास्तर,” हे त्यांचं पालुपद. भाजीवालीनं कोथिंबीर फुकट दिली, ह्येच्यात कायतर हाय. दिवसभर लाईट गेली नाही, ह्येच्यात कायतर हाय. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोहे दुसऱ्यांदा मागितले, तेव्हाही त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून हेच सांगितलं. मुलगी आता निपाणीला सुखात नांदतेय. अण्णांचा तपास मात्र अजून चालू आहे.

पण गळा असा, की त्यावर कुणी संशय घेऊ नये. पेटी काळी पाचला, म्हणजे चांगल्या चढ्या पट्टीत, धरली की अण्णा गजराच्या शेवटी वरचा सा असा लावायचे की देवळाबाहेर चपला राखत बसलेली माणसंही आत डोकावायची. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या दुपारी, तो सा लावायचा मान त्यांचाच. जगात कुणावर विसंबू नये म्हणणारा हा माणूस त्या एका सुरावर मात्र डोळे मिटून विसंबायचा.

त्याच गळ्यातून घोरणंही यायचं. मधली भिंत पातळ, त्यामुळे मी साक्षीदार आहे. आमच्या गल्लीत आवाजाचं कुणाला काही वाटत नाही. मागाच्या खटखटीत आम्ही सुखानं झोपतो. जाग येते ती माग थांबल्यावर, कारण माग थांबला म्हणजे धागा तुटला. अण्णांचं घोरणंही तसं मध्येच थांबायचं. सगळं एकदम गप्प. मग कितीतरी वेळानं पाण्यातून वर आलेल्या माणसासारखी धाप ऐकू यायची आणि घोरणं पुन्हा सुरू. त्या गप्प झालेल्या वेळात सुशीलाआक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, उठून बसायच्या आणि त्यांना गदागदा हलवायच्या. अण्णांचा त्यावरही संशय होताच. “माझी झोप बघवत न्हाय हिला,” ते मला सांगायचे.

एके दिवशी अण्णा चालत्या मागासमोर उभ्याउभ्या पेंगले. हातभर साडी वाया गेली आणि बोट थोडक्यात वाचलं. मग आक्कांनी हट्टच धरला. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो, अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी झाली. डॉक्टरांनी आधी अण्णांना कन्नडमध्ये आणि मग मला मराठीत समजावलं. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, पुन्हा पुन्हा थांबतो. असंच चाललं तर हृदयाला धोका. रोज झोपताना नाकावर मास्क बांधून मशीनचा वारा घ्यायचा, म्हणजे घसा उघडा राहील.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, “कन्नडात येक सांगितलं, मराठीत दुसरं सांगितलं.”

“दोन्हीकडे तेच सांगितलं, अण्णा.”

“तेच हुतं तर मग दोनदा का सांगितलं?”

मशीन घरी आलं. त्याच्या आत एक कार्ड असतं आणि त्यात झोपेची नोंद होते, हे कळल्यावर अण्णांनी मशीनच्या दिव्यावर कागद चिकटवला. “मी कवा झोपतो न् कवा उठतो, ह्ये कुणाला कशाला पायजे?” दिवसा मशीनवर टॉवेल पांघरलेला. पाहुणे आले की ते कपाटात जायचं. आठ दिवसांत मशीन परत जाणार, अशी माझी खात्री होती. पण अण्णा ते मुकाट्यानं रोज लावत राहिले.

महिना होत आला आणि आवाज गेला. बोलताना घोगरा, गाताना कोरडा. एका गुरुवारी वरच्या सा’ला गळा असा चिरकला की मृदंगवाल्यानं घाईघाईनं जोरात थाप मारून तो झाकला. पुढच्या गुरुवारी मी न सांगता पेटी काळी तीनला धरली. अण्णांनी पहिल्याच ओळीला टाळ थांबवले.

“मास्तर, पेटी खाली का धरलासा?”

“उन्हाळा आहे अण्णा, पेटीचा सूर उतरलाय.”

“पेटीचा सूर उतरलाय, मग तुमचं त्वांड का उतरलंय?”

काल्याला पंधरा दिवस उरले होते. भजन संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, “अण्णा, काला होईपर्यंत ते मशीन ठेवा बाजूला. पंधरा दिवसांत काय होतंय?” डॉक्टरांना न विचारता मी हे बोललो, हा शुद्ध आगाऊपणा होता. पण मला तो सा हवा होता.

“न्हाय,” अण्णा म्हणाले.

“मग गजर?”

“बघू.”

औषधाची गोळी मोडून आत काय आहे ते बघणारा हा माणूस, गळा घालवणारं मशीन सोडायला तयार नाही! आता संशय मला आला. ह्यात काहीतरी होतं.

रविवारी सकाळी आठ वाजता मी त्यांच्याकडे गेलो. दारात रांगोळी नव्हती. सहाच्या आत आक्कांची रांगोळी पडली नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“आक्कांना बरं नाही का?”

“बरं हाय. झोपलीया.”

ते मला मागच्या शेडात घेऊन गेले. दोन्ही माग बंद. जमिनीवर ओली पोती पसरलेली, अण्णांच्या हातात बादली आणि ते तांब्यानं पाणी शिंपडत होते.

“माग बंद का?” मी विचारलं.

“हवा कोरडी हाय. सूत तुटंल, माग थांबंल, आन ती उठंल.” मग पोत्याकडेच बघत ते म्हणाले, “लगीन झाल्यापासनं माझा वारा बंद पडला की ही उठून बसायची, मास्तर. मला वाटायचं हिला माझी झोप बघवत न्हाय. मशीन लावलं तसं घोरणं बी बंद. पयले चार दिस ही उठून बघायची, मी हाय का गेलो. मग झोपली. बत्तीस वर्सांनी झोपली ती, सकाळपतोर. आन तुमी म्हणताय मशीन बाजूला ठेवा.”

मला फार लाज वाटली. बत्तीस वर्षांतली वीस वर्षं मी भिंतीपलीकडे होतो. घोरण्यावरून विनोद करायचो; त्यापायी जागणाऱ्या बाईचा विचार माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता.

नजर चुकवायला मी खिडकीकडे पाहिलं. तिथे मशीनची पाण्याची डबी होती. कोरी करकरीत, वरचं लेबलही निघालं नव्हतं.

“अण्णा, ह्यात पाणी घालत नाही तुम्ही?”

“करंटच्या मशीनात पाणी? मशीनवाला घाला म्हणाला तवाच मला संशय आला. मी ती डबी काडून हितं ठेवली.”

मी त्यांच्या हातातल्या तांब्याकडे बघितलं. “आणि हे पाणी कशाला शिंपडताय?”

“कोरड्या वाऱ्यानं सूत तुटतंय, ह्ये काय इचारायचं झालं?”

“मग महिनाभर कोरडा वारा गळ्याला देताय, त्याचं काय?”

अण्णांनी तांब्या बादलीत ठेवला. एक हात गळ्यावर गेला. “मशीनवाल्यानं आसं सांगाय नको हुतं काय?” ते शेवटी म्हणाले.

त्या दिवसापासून डबीत पाणी पडू लागलं; उकळून, गार करून, दोनदा गाळून. मी अण्णांना डॉक्टरांकडे नेऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी मास्कही नीट बसवून दिला. आठवड्यात बोलण्याचा घोगरेपणा गेला. शिवाय सकाळी सकाळी खाकरत उठायची अण्णांची जुनी सवयच मोडली. वरच्या सा’चं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. अण्णा तो लावून बघत नव्हते आणि मी विचारत नव्हतो.

काल्याच्या दुपारी देऊळ भरलं होतं. पहाटेपासून प्रसादाच्या स्वयंपाकात असलेल्या आक्का बायकांमध्ये खांबाला टेकून बसल्या होत्या. अण्णांनी टाळ उचलले आणि म्हणाले, “काळी पाच.”

“नक्की?” मी हळूच विचारलं.

“तुमाला कशाला संशय?”

गजर चढत गेला. शेवटची ओळ आली, सगळ्यांनी आवाज आवरता घेतला, अण्णांनी श्वास भरला, तोंड उघडलं, आणि सूर आलाच नाही. त्यांची नजर खांबाकडे होती. तिथे टाळ-मृदंगाच्या त्या कल्लोळात आक्का गाढ झोपल्या होत्या, मान कलंडलेली.

अण्णांनी टाळ खाली ठेवले. बायकांमधून वाट काढत ते खांबापाशी गेले, वाकले आणि आक्कांच्या नाकापुढे आडवा हात धरला. मृदंग थांबला. पेटी थांबली. देवळात चिडीचूप.

आणि त्या शांततेनं आक्का दचकून उठल्या. डोळे पुरते उघडायच्या आधीच त्यांनी अण्णांचा सदरा दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवायला सुरुवात केली. “का थांबलासा? अवो, का थांबलासा?”

“थांबलो न्हाय गं. चालू हाय,” अण्णा म्हणाले. “झोप तू.”

ते परत येऊन बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे मी मान खाली घालून पेटीच्या पट्ट्या पुसत राहिलो.

“काळी दोन धरा,” अण्णा पुटपुटले.

“आणि वरचा सा?”

“वर जाऊन तुटलो, तर ती उठंल.”

मी काळी दोन धरली. अण्णांनी खालच्या सुरात गजर पुन्हा पहिल्यापासून उचलला, मृदंग हळूच मागून आला, आणि खांबापाशी आक्कांची मान परत कलंडली. त्या दुपारी प्रसादाला फार उशीर झाला, कारण गजर थांबवायला कुणीच तयार नव्हतं.