तीन देशांच्या कडेचा स्तावरोस

आमच्या शेजारच्या स्तावरोसला बसस्टॉप कुठंय विचारा, तो ग्रीसपासून सुरुवात करतो. "माझ्या गावात चर्चपासून तळ्यापर्यंत जेवढं, तेवढंच. सिंपल!" आता त्याचं चर्च इथं कुणी बघितलंय? पण गडी एवढ्या खात्रीनं सांगतो की मी मान डोलवतो आणि उलट्या दिशेनं चालायला लागतो.

मी निपाणीकडचा. पोरगी सारिका इथं सातासमुद्रापार, क्लोनडॉकिन नावाच्या उपनगरात कंप्युटरचं काम करते. तिचं बाळ सांभाळायला म्हणून दोन हजार वीसच्या सुरुवातीला आलो आणि लॉकडाऊनमध्ये अडकलो. शिक्षण चौथी, तीपण अर्धी. मास्तरांनी नकाशात कोल्हापूर दाखव म्हटलं, मी अरबी समुद्रात बोट ठेवलं. असल्या माणसाला शेजार मिळाला तो भूगोलाचा!

कचऱ्याचे डबे बाहेर काढायच्या दिवशी तर वर्गच भरायचा. काळा डबा ग्रीस. हिरवा अल्बानिया. तपकिरी उत्तर मॅसिडोनिया, आणि ते 'उत्तर' विसरलात तर संध्याकाळपर्यंत अबोला. मधलं पाण्याचं डबकं म्हणजे तळं. मग खिशातून घेवड्याचा अंगठ्याएवढा पांढरा दाणा काढायचा, डबक्याच्या कडेला ठेवायचा आणि छाती फुगवून म्हणायचा, "माझं गाव!" एवढ्यात कचऱ्याची गाडी यायची आणि अल्बानिया उचलून न्यायची.

त्याचं इंग्रजी लंगडं, माझं त्याहून लंगडं. पण कळायचं सगळं. इतिहास सांगायला लागला की उभाच राहायचा. "आजोबा जन्मले सुलतानाच्या राज्यात, म्हातारे झाले ग्रीसमध्ये. घर तेच, चूल तीच. सीमाच चालत आली आमच्याकडं!" मग सरकारनं गावाचं नाव बदललं. मग देशातच भावाभावांत लढाई झाली, अर्धं गाव डोंगर ओलांडून गेलं ते परत आलंच नाही. आता तिथं थोडी म्हातारी माणसं, घेवड्याचे मळे आणि फळं खायला येणारी अस्वलं. "पण माझ्या आईच्या चुलीचा धूर तीन देशांतनं दिसतो!"

मीपण कशाला गप्प बसतोय? म्हटलं, "आमचं गावपण सीमेवरचं. मतदान कर्नाटकात, भांडण महाराष्ट्रासाठी." त्या दिवसापासनं मी त्याच्या जातीतला झालो. सारिकाचं ऐकून मला 'बाबा' म्हणायला लागला. माझ्याहून चारच वर्षांनी लहान घोडा!

ती धूरवाली आई, एलेनी तिचं नाव, गावात एकटीच राहायची. हा विमानतळावर बस चालवायचा. विमानं रोज डोळ्यांसमोर, आणि ह्याला जाता येईना. ऑगस्टमध्ये जाणार म्हणाला, बंदी आली. नाताळात जाणार म्हणाला, परत बंदी. "आई थांबलीय, बाबा," म्हणायचा. "कुठं जातीय ती?"

जानेवारी संपता संपता त्याचा आवाज बंद झाला. डबे मुकाट्यानं ठेवायचा नि आत जायचा. मला वाटलं, 'उत्तर' म्हणायचं विसरलो असणार कधीतरी.

मग मार्चमधल्या एका सकाळी भलीमोठी वाटी घेऊन दारात उभा. उकडलेले गहू, वर बदाम, डाळिंबाचे दाणे आणि पांढरीशुभ्र पिठीसाखर. आमच्यात दारात गोड आलं की एकतर लग्न, नाहीतर पोरगं. मी वाटी घेतली, चमचाभर तोंडात टाकलं आणि हात वर करून ओरडलो, "काँग्रॅच्युलेशन्स! तिकीट मिळालं!"

सारिका मागनं धावत आली. "बाबा, गप्प बसा!" तिनं त्याला काहीतरी विचारलं, मग मला सांगितलं. एलेनी गेली. चाळीस दिवस झाले. त्यांच्यात असे गहू शिजवून वाटतात. खाणाऱ्यानं नाव घेऊन म्हणायचं, देव तिला क्षमा करो. गावात असता तर सगळं गाव खायला आलं असतं. इथलं त्यांचं चर्च बंद, आणि पाच किलोमीटरच्या पलीकडं जायची मुभा नाही.

तोंडातला गहू गिळवेना. थुंकताही येईना. शेवटी तसाच गिळून म्हटलं, "एलेनी. देव तिला क्षमा करो." आणि मी कशाला विचार करत बसतोय? सारिकाला म्हटलं, "गहू वाटायला चहाचे कागदी कप काढ."

सगळ्या गल्लीतनं फिरलो. बेल वाजवायची, पायरीवर कप ठेवायचा, मागं सरायचं आणि सांगायचं, "स्तावरोस मदर. एलेनी. ईट अँड प्रे." समोरच्या मॉरीनबाई म्हणाल्या, "गॉड रेस्ट हर, द क्रेचर," म्हणजे आपलं 'बिचारी', आणि डोळे पुसत दुसरा कप मागितला. प्रत्येक दारात माणूस उभा, हातात कप, तोंडात एलेनी. एकालापण नाव धड म्हणता आलं नाही. स्तावरोस फाटकापाशी टोपी काढून एकेकाच्या तोंडून आईचं नाव ऐकत होता, आणि चेहरा असा, जणू सगळी गल्ली त्याच्याच गावची.

परत येऊन मी पायरीवर टेकलो. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "गावाचं सांग काहीतरी."

त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "आईला गाव आवडायचंच नाही, बाबा. थंडी, चिखल, अस्वलं. दर वर्षी म्हणायची, मी शहरात बहिणीकडं जाते. मीच फोनवर म्हणायचो, तू गेलीस तर मी घरी म्हणून कुठं येऊ? म्हणून थांबली."

मी पायरीवर सरकून त्याला जागा केली.

तो माझ्या शेजारी येऊन बसला. वाटीच्या तळाला थोडी साखर चिकटली होती. त्यानं बोटानं अर्धी पुसून घेतली आणि वाटी माझ्याकडं सरकवली.