शरीर कमावण्याच्या कामाची विभागणी

वजने व मापे तपासणी कार्यालयातील हंगामी टंकलेखक नैसर्गिक पद्धतीने शरीर कमावतो, ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास यायला बरीच वर्षे लागली. टंकलेखक टेबलामागे बसत असे, आणि हंगामी माणसाचा टेबलाच्या वर जेवढा भाग दिसतो त्यापलीकडे बघण्याची त्या कार्यालयात पद्धत नव्हती. शेवटी एकदा भांडारातले लोखंडी कपाट सरकवायला हमाल मिळेना, तेव्हा त्याने ते एकट्याने सरकवले. कपाटामागे गेल्या तीन साहेबांच्या कारकिर्दीत हरवलेल्या फायली सापडल्या. याचा आनंद कुणालाच झाला नाही, पण त्या दिवसापासून सगळे त्याला पैलवान म्हणू लागले.

नैसर्गिक पद्धतीने म्हणजे इंजेक्शने, गोळ्या वगैरे काही न घेता. एक तर त्या त्याला परवडत नव्हत्या आणि दुसरे म्हणजे त्याला ते पटत नव्हते. पहिले कारण नसते तर दुसरे टिकले असते का, हे पाहण्याची संधी त्याला कधी मिळाली नाही. व्यायामशाळाही परवडत नसल्यामुळे तो कार्यालय उघडण्यापूर्वी येऊन भांडारातली, दुकानदारांकडून जप्त केलेली वजने उचलत असे.

अशात सर्व कार्यालयांना एक परिपत्रक आले. कर्मचाऱ्यांसाठी नैसर्गिक शरीरसौष्ठव स्पर्धा घेण्यात येत असून, पदक मिळवणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यास सेवेत कायम करण्याचा विचार व्हावा, असे त्यात म्हटले होते. 'कायम करावे' असे म्हटले नव्हते, पण ज्याचा सासरा प्रत्येक फोनवर आधी "जावईबापू, कायम झालात का?" आणि मग "तब्येत कशी आहे?" असे विचारतो, त्याला 'विचार व्हावा' हे शब्दही पुरतात. सूचना फलकावर लावायची त्या परिपत्रकाची प्रत पैलवानाने स्वतःच टंकलिखित केली, आणि त्या एका कागदात त्याच्याकडून एकही चूक झाली नाही.

त्याने रीतसर अर्ज केला. आधी काही महिने गरजेपेक्षा जास्त खायचे, भरपूर वजने उचलायची आणि अंग भरायचे, याला बल्किंग म्हणतात. मग हळूहळू खाणे कमी करायचे, म्हणजे चरबी जाते आणि स्नायू तेवढे उरतात, याला कटिंग म्हणतात. तरी अंडी, दूध, कोंबडी आणि शेंगदाणे यांसाठी कार्यालयाच्या क्रीडा निधीतून साहाय्य मिळावे, ही विनंती.

अर्ज लेखाधिकारी बाईंकडे गेला. बाईंच्या हातून आजवर एकही कागद आक्षेपाशिवाय सुटला नव्हता. स्वतःच्या रजेच्या अर्जावरही त्या एखादा शेरा मारून ठेवत.

"एकच माणूस वाढवणार आणि तोच कमी करणार?" बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "मग तपासायचं कुणी?"

"आरशात दिसतं ना, मॅडम."

"आरसा मंजूर यादीत नाही. आणि सराव कशावर करता?"

"भांडारातल्या वजनांवर. वीस किलोची आहेत."

"ती जप्तीची आहेत. कमी भरतात म्हणूनच जप्त केलीत."

 इतकी वर्षे आपण नेमके काय उचलत होतो, हा प्रश्न पैलवानाला पहिल्यांदाच पडला. बाईंनी मात्र 'अर्जदाराची ताकद प्रमाणित नाही' असा शेरा मारून फाईल पुढे सरकवली.

साहेबांच्या दालनात बैठक झाली. चहा आला, बिस्किटे आली आणि नंतर पैलवानाला बोलावण्यात आले. बाईंनी नियम वाचून दाखवला. वस्तूची खरेदी करणारा आणि तीच वस्तू निकामी ठरवून निर्लेखित करणारा, हे दोघे एकच असू नयेत. शरीरावर आधी चढवणे आणि मग तेच उतरवणे हा प्रकार खरेदी-निर्लेखनाचाच असल्यामुळे वृद्धीचे काम एकाकडे आणि कपातीचे दुसऱ्याकडे सोपवावे लागेल. शिवाय आहार ही अधिकारी वर्गाची सवलत आहे. हंगामी कर्मचाऱ्याला आहार देता येत नाही.

"पण मी जेवतो, मॅडम," पैलवान म्हणाला.

"ते तुम्ही खाजगीरीत्या जेवता."

वृद्धीची जबाबदारी कुणी घ्यावी, हा प्रश्न निघाला. सगळ्यांचे लक्ष बिस्किटांच्या बशीकडे होते. साहेबांनी उरलेली दोन बिस्किटे उचलली, खिडकीबाहेर पाहिले आणि कार्यालयाच्या हितासाठी मोठा त्याग करणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बरं. द्या इकडे."

कपातीसाठी वेगळा माणूस शोधावा लागला नाही. कपात नेहमी हंगामी कर्मचाऱ्यांपासूनच सुरू होते.

"साहेब, माझं वाढलंच नाही तर कापायचं काय?" पैलवानाने विचारले.

"नऊ वर्षं आमची अंदाजपत्रकं टाइप करतोस ना तू?" साहेब प्रेमाने म्हणाले. "आपण दरवर्षी काय कापतो? न वाढलेलंच कापतो. विश्वास ठेव."

पैलवानाने ठेवला. पदक कार्यालयाच्या नावाने मिळणार होते आणि कार्यालयाच्या नावात त्याचेही नाव कुठेतरी येणारच होते.

दुसऱ्याच दिवसापासून साहेबांनी वृद्धी हाती घेतली. न्याहारीची अंडी दालनात येऊ लागली, मग दूध, मग दुपारची कोंबडी, मग मधल्या वेळेचे शेंगदाणे. व्यायामाचा मुद्दा निघाला, तेव्हा तो परिपत्रकातील 'शक्यतो' या शब्दाखाली येतो असे ठरले. काही दिवसांतच उपसाहेबही वृद्धीत आले, कारण साहेब रजेवर गेले तर वृद्धी खंडित होऊ नये. मग दोन्ही पर्यवेक्षक पर्यायी व्यवस्था म्हणून आले. ज्यांची पोटे पूर्वीच सुटलेली होती त्यांच्या वृद्धीला मागील तारखेपासून मान्यता देण्यात आली. कार्यालयात आता जाड असे कुणी उरले नाही, सगळे बल्किंगमध्ये होते.

दर सोमवारी प्रगतीचा आढावा होई. साहेबांच्या कमरेचा घेर काचेच्या पेटीतल्या प्रमाणित पितळी मीटरपट्टीने मोजण्याचा प्रयत्न झाला, पण पट्टी सरळ होती आणि साहेब गोल होते. शेवटी शिंप्याची फीत मागवली. ती पुरली नाही तेव्हा टाळ्या वाजल्या.

कपातीचा आढावा बाई घेत. पैलवानाचा डबा त्यांच्या टेबलावर उघडला जाई आणि सोनाराचे काटे तपासण्यासाठी ठेवलेल्या नाजूक तराजूत एकेक पदार्थ वेगळा करून तोलला जाई. एकदा डब्यात उकडलेले अंडे निघाले.

"हे काय?"

"बायकोने घातलं असेल, मॅडम. मला माहीत नव्हतं."

"अंडं हे वृद्धीचं साहित्य आहे. कपातीच्या डब्यात ते ठेवता येत नाही." बाईंनी शिपायाकडून ते साहेबांच्या दालनात जमा केले आणि डब्याच्या झाकणावर 'तपासले' असा शिक्का उमटवला.

संध्याकाळी बायकोने तो शिक्का राखेने घासला, साबणाने घासला. निघाला नाही.

"अहो, चांगली शाई वापरतं हो तुमचं ऑफिस," ती म्हणाली. "पगाराच्या कागदावर मात्र पुसट येते."

"तू अंडं कशाला घातलंस? आणि तुझ्यासाठी?"

"मला सकाळी भूक नसते."

दुसऱ्या दिवसापासून तिने अंडे डब्यात न घालता तो घरातून निघण्याआधी त्याला उभ्या उभ्या खायला लावले. आठवडाभराने दुधाचा पेलाही येऊ लागला. तिला अलीकडे दूध नकोसे वाटते, असे ती म्हणाली. तिच्या बोटातली अंगठी सैल झाली होती म्हणून तिने आतून दोरा गुंडाळला होता. भांडी घासताना साबणाने घसरू नये म्हणून गुंडाळला असेल, असे पैलवानाला वाटले. त्याला तेव्हा स्वतःच्या बरगड्यांशिवाय फारसे काही दिसत नव्हते.

स्पर्धेच्या दिवशी रंगमंचामागे पाऊल ठेवल्यावर मात्र त्याला कळले की परिपत्रक सगळ्यांनी सारखेच वाचले आहे. प्रत्येक कार्यालयाची जोडी आली होती. पुढे तेल लावलेले, छोट्या चड्डीतले, एकमेकांना वाकून नमस्कार करणारे अधिकारी; मागे त्यांच्या चपला आणि चष्मे धरून उभे असलेले हंगामी. तेल पुढच्या रांगेतच संपले होते.

"वृद्धी विभाग, स्नायू दाखवा," निवेदकाने पुकारले.

साहेबांनी दोन्ही हात वर केले. बरेच काही हलले आणि बराच वेळ हलत राहिले.

"स्नायू दिसत नाहीत," एक परीक्षक म्हणाला.

"आत आहेत," साहेब म्हणाले, आणि तसे स्वतःच्या सहीचे निवेदन त्यांनी सादर केले. ते ग्राह्य धरण्यात आले.

कपात विभागात पैलवान पुढे आला. त्याच्या अंगावर दिव्याचा प्रकाश पडताच शरीररचनेच्या तक्त्यासारखे सगळे स्पष्ट दिसू लागले. परीक्षकांनी पेन्सिलीने टोचून खात्री केली. "उत्कृष्ट कपात," ज्येष्ठ परीक्षक हळहळल्यासारखे म्हणाले. "आता याहून कापायला जागा नाही."

गोंधळ काय तो एवढाच झाला. कुठल्याशा लहान कार्यालयाचा पंपचालक एकटाच आला होता. त्याच्या कार्यालयात अधिकाऱ्याची जागा रिकामी असल्यामुळे त्याने वृद्धी आणि कपात दोन्ही स्वतःच उरकली होती. त्याने दंड वळवले तेव्हा प्रेक्षकांत कुणीतरी शिट्टी वाजवली आणि मग ती वाजवल्याबद्दल इकडेतिकडे पाहिले. परीक्षकांनी डोकी जवळ आणली.

"तूच खाल्लंस, तूच उचललंस आणि तूच कमी केलंस?"

"हो."

"आणि हे नैसर्गिक आहे, असं तुझं म्हणणं?"

पंपचालकाला अनैसर्गिक साधनांच्या संशयावरून बाद करण्यात आले.

वजने-मापे कार्यालयाला सुवर्णपदक मिळाले. पदकाची फीत साहेबांच्या गळ्यात जाईना म्हणून पदक त्यांच्या हातात देण्यात आले. पदकाची रिकामी डबी पैलवानाने धरली. छायाचित्रात त्याची कोपरे आली आहेत.

तरीही परिपत्रक परिपत्रकच होते. पैलवानाला कायम करण्याचा विचार खरोखरच झाला आणि त्याला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवण्यात आले. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभे केले, काट्याकडे पाहिले, पुन्हा त्याच्याकडे पाहिले.

"काय खाता तुम्ही?"

"मी कपातीत आहे, डॉक्टर. कार्यालयीन आदेश आहे."

"कायम सेवेला किमान वजन लागतं. तुम्ही त्याच्या बरेच खाली आहात."

पैलवान सवयीने वाकला आणि त्याने काट्याच्या बाजूचा पडताळणीचा शिक्का पाहिला. "डॉक्टर, याची मुदत केव्हाच संपलीय. हा कमी दाखवत असेल."

"असेल. तक्रार करा की. कुठं करतात ती?"

"आमच्याच कार्यालयात."

"मग सोपं आहे."

तक्रारीवर साहेबांची सही लागत होती, आणि साहेब डोंगरावरच्या आरोग्यधामात गेले होते. सुवर्णपदक मिळवून देणारी वृद्धी ही आता कार्यालयाची मालमत्ता होती. ती कुणीही कशीही उतरवून चालणार नव्हते. त्यासाठी मालीश करणारे दोघे, आहारतज्ज्ञ आणि तलावाकडे उघडणारी खोली मंजूर झाली होती.

"पण मॅडम," पैलवानाने बाईंना विचारले, "वाढवणाऱ्यानेच कमी करायचं नाही, असा नियम होता ना?"

"ती कपात नाही," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तो देखभाल-दुरुस्तीचा खर्च आहे."

"मग माझं काय?"

"वजन वाढवा आणि पुन्हा तपासणीला जा. महिन्याच्या आत. नाहीतर जागा रद्द होते."

"कशावर वाढवू?"

यावर बाईंनी पहिल्यांदाच हातातले पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या, "ते खाजगीरीत्या."

तो घरी पोहोचला तेव्हा बायको फोनवर होती. "होतील हो बाबा," ती सांगत होती, "एवढं वजनाचंच राहिलंय." फोन ठेवून तिने त्याचा चेहरा पाहिला. ताट वाढले. ताटात दोन अंडी होती. शेजारी दूध होते, पेला काठोकाठ भरलेला.

"वाढवू की वजन," ती म्हणाली. "त्यात काय एवढं. महिनाभर नीट जेवा."

"आणि तू बस ना."

"मला भूक नाही हो. तुम्ही घ्या."

पैलवान जेवायला बसला. शेजारच्या दुकानदाराने काटा बरोबर आहे असे सांगितले, तरी पैलवान त्यावर आधी स्वतःजवळचे वजन ठेवून पाहत असे, इतकी त्या कार्यालयाची सवय त्याच्या हाडात मुरली होती. बायकोचे हे विधान मात्र त्याने पडताळणीशिवाय दाखल करून घेतले. दुसरे अंडे त्याने मीठ लावून सावकाश खाल्ले. भांडी आवरताना तिच्या बोटातली अंगठी दोऱ्यासकट मोरीत पडली. तिने ती उचलली आणि दोऱ्याचे आणखी दोन वेढे दिले.

त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तुमच्याही घरात कुणीतरी कधीतरी पातेल्यात डोकावून 'मला भूक नाही' असे म्हणालेच असेल. त्यावर तुम्ही काय म्हणालात, ते आठवून पाहा. बहुधा 'बरं, द्या इकडे' म्हणाला असाल.