काटा कुणी बघितला?

कळंब्याच्या बाजूला नवीन घरात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शिवाप्पांनी मला चहाला बोलावलं आणि वजनकाट्यावर उभं केलं. चहा त्यानंतर. लोक नव्या शेजाऱ्याला गाव विचारतात, नोकरी विचारतात, फारच आगाऊ असले तर पगार विचारतात. अप्पांनी माझं वजन बघितलं आणि च्च् केलं.

"मास्तर, लई जड हायसा," ते म्हणाले. "पण असू दे. दुसरं कोण येतच न्हाय."

कुठं येत नाही, हे विचारायची अक्कल मला त्या वेळी सुचली असती, तर पुढची दहा-बारा वर्षं माझे रविवार सुखाचे गेले असते.

अप्पांचं पेठेत भांड्यांचं दुकान होतं. तांब्यापितळेचा माल वजनावर विकायचा, त्यामुळं जगातली कुठलीही वस्तू किती भरते हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुकानातला जुना काटा त्यांनी घरी पडवीत आणून ठेवला होता आणि त्याच्या शेजारी त्यांची मोटरसायकल. टू-स्ट्रोक, रंग उडालेली, सुरू झाली की अख्ख्या गल्लीला ठसका लावणारी. या गाडीनं एकदा, एकदाच, शंभराचा वेग गाठावा आणि मागं बसलेल्या माणसानं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, एवढीच अप्पांची इच्छा होती. गाडी नव्वदच्या पुढं जात नव्हती. मागं बसायला कुणी येत नव्हतं. म्हणून मी.

वेग वाढवायचा तर वजन कमी करायचं, हा अप्पांचा पहिला सिद्धांत. त्यांनी दोन्ही मडगार्ड काढली. मग हॉर्न काढला. "वराडाय तोंड हाय की," म्हणाले. स्टँडला भोकं पाडली, पाय ठेवायच्या दांड्यांना भोकं पाडली, चेनच्या कव्हराची तर पार चाळणी केली. काढलेला प्रत्येक तुकडा काट्यावर ठेवायचा आणि मिश्या पुसत समाधानानं बघायचं. पावसाळ्यात मडगार्डाविना त्या गाडीवर बसलेला माणूस घरी आला की बायको आधी त्याला ओळखत नाही, मग ओळखते आणि दार लावते. हे अनुभवानं सांगतो.

माझंही वजन त्यांच्या हिशेबात होतंच. शनिवारी संध्याकाळी कुंपणावरून हाक यायची, "मास्तर, राच्चं जेवू नका. भाकरी रस्त्याला लागती." एका रविवारी काट्यावर उभा राहिलो तर म्हणाले, "वाढलाय. मटण खाल्लासा व्हय?" स्वतः माणूस लिंगायत, शुद्ध शाकाहारी. पण माझ्या पोटातलं मटण त्यांना पडवीतून कळायचं.

वजनानं भागेना, तेव्हा ते इंजिनाकडं वळले. त्यांचा मेस्त्री युसूफ. कामात वाकबगार आणि अप्पांपुढं हतबल. आधी मागच्या चाकाचं दातेरी चक्र काढून लहान बसवलं. त्यानं वेग वाढतो म्हणे. वाढतो, पण तेवढी ओढ इंजिनात असावी लागते. आमची गाडी सपाटीवर धापा टाकायला लागली आणि काटा सत्तरवर येऊन बसला. मग मोठा कार्बोरेटर आला. त्यानं पेट्रोल पिण्याचा वेग मात्र झकास वाढला. मग पोट फुगलेला सायलेन्सर. आवाज इतका झाला की समोरच्या पाटलांची म्हैस पान्हा चोरायला लागली आणि पाटील काठी घेऊन आमच्या दारात आले. अप्पांच्या नव्हे, आमच्या. मागं बसणाराच खरा चिथावणीखोर, असं त्यांचं मत होतं.

शेवटी इंजिनाचं हेड घासून खाली घेतलं. त्यानं ताकद वाढली, खरंच वाढली. गडमुडशिंगीच्या सरळ रस्त्यावर गाडी अशी सुटली की मी देवाचं नाव घ्यायलाही विसरलो. काटा पंच्याण्णवला टेकला आणि पिस्टन जाम झाला. मागचं चाक जागच्या जागी धरलं. गाडी नागमोडी घसरत कडेच्या उसात शिरली. आम्ही बाहेर आलो ते पाचटासकट.

"किती हुतं?" उसातूनच अप्पांनी विचारलं.

"पंच्याण्णव," मी म्हणालो, आणि मग रडायला आलं ते दाबलं.

त्या दिवशी गाडी ढकलत आम्ही गडमुडशिंगीतून परत आलो. वाटेतला चहाचा टपरीवाला तेव्हापासून आम्हाला ओळखायला लागला. दर रविवारी विचारायचा, "काय पावणं, आज किती?" आणि अप्पा दर रविवारी मान हलवायचे.

मी 'नाही' का म्हणत नव्हतो? तसं म्हणूनही बघितलं. एक रविवार डोकं दुखतंय म्हणालो. अप्पांनी वाद घातला नाही. "बरं," म्हणाले, पडवीत बसले आणि दुपारपर्यंत ती गाडी पुसत राहिले. खिडकीतून मला ते बघवेना. त्यापेक्षा उसात पडलेलं परवडलं. पुढच्या रविवारी मी निघालो, तेव्हा आमची ही दारात उभी राहून माझ्याकडं अशी बघत होती, जणू विम्याचे कागद कुठं ठेवलेत ते आठवतेय.

एक गोष्ट मात्र शेंबड्या पोरालाही कळली असती. मी ती एकदा बोलून दाखवली. "अप्पा, इतकी भोकं पाडून तुम्ही दोन-तीन किलो कमी केलं आणि मागं हा एवढा मास्तर बसवता. एकटे जा. आजच शंभर होतील."

युसूफ मेस्त्रीनंही मान डोलावली. "आणि ती जाळी काढू या, अप्पा. वारा अडवती." जाळी म्हणजे साडी चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाला बसवतात ती. सगळी गाडी सोलून झाली, पण तेवढी शाबूत होती.

"जाळीला हात लावायचा न्हाय," अप्पा एकदम ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा तेवढाच चढलेला आवाज ऐकला. मग खाली बघून म्हणाले, "आणि एकटा गेलो तर काटा कोण बघणार? मी रस्त्याकडं बघतो."

पुढं काळ बदलला. नव्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. मी एक घेतली आणि पहिल्याच रविवारी अप्पांना मागं बसवून हायवेला काढली. काही घासलं नव्हतं, कशाला भोक पाडलं नव्हतं, पण काटा मुकाट शंभरावर गेला. "अप्पा, बघा, शंभर!" मी ओरडलो. एकदाचे सुटलो, असं वाटलं मला.

परत येताना ते कळंबा तलावापाशी थांबवा म्हणाले. बांधावर बसले. "गाडी चांगली हाय," म्हणाले. आणि मग, मी काही न विचारता, बोलत राहिले.

त्यांची बायको शांताक्का निपाणीची. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलेलं. माहेरी जायचं ते याच गाडीवरून. बाकीच्या बायका हळू चालवा म्हणून नवऱ्याच्या पाठीत चिमटे काढतात, शांताक्का अप्पांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून "जोर ओडसरी, जोर!" म्हणायच्या. जोरात पळवा. नजर काट्यावर. आकडे कन्नडमध्ये ओरडायच्या: एंबत्त, ऐंशी. तोंबत्त, नव्वद. त्याच्या पुढं नूर, म्हणजे शंभर. ते ओरडायची वेळ कधी आली नाही.

"मग आजारी पडली," अप्पा म्हणाले. "शेवटाला दवाखान्यात हुती. म्हटलं, काय तरी ऐकवावं. म्हटलं, शांता, काल नूर झालं बघ. हसली. मग म्हणाली, काटा कुणी बघितला?" ते थांबले. "तिला ठाव की, मी रस्त्याकडं बघतो. मला काय बोलाय आलं न्हाय, मास्तर. त्याच सांजंला गेली."

इतकी वर्षं मला हा माणूस वेगानं वेडा झालाय असं वाटत होतं.

"आता माझ्या गाडीवर झालं की शंभर," मी कसंबसं म्हणालो.

"तिला ही गाडी ठाव न्हाय," अप्पा म्हणाले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत युसूफ मेस्त्रीनं हात टेकले. सिलिंडर आता आणखी घासायला जागा नाही, गाडी एखादा रविवार काढेल म्हणाला. त्या रविवारी अप्पांनी माझं वजनही केलं नाही. गडमुडशिंगीच्या रस्त्यावर त्यांनी टाकीवर छाती टेकवली आणि मूठ पार पिळली. वारा कानात शिरत होता. इंजिनाचा सूर चढला, चिरकला. काटा नव्वदवर थरथरत होता, आणि त्याच्या पुढं जाणार नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"किती?" अप्पा ओरडले.

मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "नूर!" मी ओरडलो. "अप्पा, नूर! नूर झालं!"

मूठ सैल पडली. गाडी हळूहळू कडेला आली, दोनदा खोकली आणि बंद झाली.

"नव्वद हुतं, मास्तर," ते म्हणाले.

"तुम्हाला दिसत होतं?"

"पैल्यापास्नं दिसतंय की. आंधळा हाय व्हय मी?"

"मग इतकी वर्षं मला मागं कशाला बसवलंत?"

ते उतरले. त्या जाळीवरची धूळ त्यांनी हातानं पुसली. "मागं कोण नसलं की गाडी लई हलकी लागती," ते म्हणाले.

किका मारून बघितल्या. इंजिन गेलं ते गेलंच. हँडल अप्पांनी धरलं आणि मी मागून ढकलायला लागलो. टपरीपाशी आलो तेव्हा टपरीवाला नेहमीसारखा ओरडला, "काय पावणं, आज किती?"

अप्पा थांबले. "शंभर झालं," ते म्हणाले. "मास्तरांनी बघितलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "व्हय मास्तर?"

"व्हय," मी म्हणालो. "मी बघितला काटा."

अप्पांनी मान खाली घातली आणि गाडी पुढं घेतली.