अण्णांचा मुका प्रोग्राम

हिमायतनगरच्या आमच्या घरात 'न्हाई' म्हटलं की विषय संपायचा. वही न्हाई, चप्पल न्हाई, सणाला तेल न्हाई. बाप मोंढ्यात पोती उचलायचा. त्यानं 'न्हाई' म्हटल्यावर पुढं विचारायची आमची हिंमत नव्हती. त्या घरातला मी पहिला पदवीधर. लातूरच्या एका कॉलेजात कम्प्युटर लॅबमध्ये लागलो आणि तिथं मला बसवअण्णा भेटले. लॅबची सगळी मशीनं तेच सांभाळायचे. या माणसाला 'न्हाई' पटतच नसे.

कंडक्टर म्हणाला, "जागा न्हाई." अण्णा गाडीत चढले, मागच्या शिटेपर्यंत जाऊन आले आणि खाली उतरून मला म्हणाले, "हाव गड्या, खरंच न्हाई." भजी संपली म्हटलं की हे थेट कढईपाशी. "न्हाई म्हनतोस, पर बघितलास कुठं?" हॉटेलवाला पुढं पुढं अण्णांना बघूनच रिकामा झारा वर करायचा.

अक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, नजर शुगरमुळं गेली होती. संध्याकाळी अण्णा त्यांना पेपर वाचून दाखवत, पण निधनाच्या बातम्या गाळत.

"शेजारचे मास्तर गेले ते मला महिन्यानं कळलं!" अक्का एकदा भडकल्या. "मला माझं माझं ऐकू द्या की."

अण्णांनी कम्प्युटरवर उघडलेला मराठी पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक फुकट प्रोग्राम शोधला. त्याचा कोड सगळ्यांना खुला. नेटवरून उतरवून घ्यायचा आणि आपल्या मशीनवर आपणच बांधायचा, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करायचा. रविवारी दुपारी मी मदतीला गेलो. प्रोग्राम बांधून झाला, चालूही झाला, पण आवाज येईना. अण्णा स्पीकर हलवून विचारत होते, "आता येतंय का?"

"डोळे गेलेत माझे, कान न्हाई!" अक्का म्हणाल्या.

बांधायच्या आधी एक तपासणी चालते, लागणाऱ्या फायली मशीनवर आहेत का याची. तिनं कळवलं होतं की आवाजाची हेडर फाइल, म्हणजे मशीनकडून आवाज कसा काढून घ्यायचा हे प्रोग्रामला सांगणारी फाइल, नाही. म्हणून आवाजाचा भाग वगळूनच प्रोग्राम बांधला गेला आणि मुका निघाला.

मी म्हणालो, "अण्णा, मशीनच न्हाई म्हणून राहिलंय. दुसरा प्रोग्राम बघू."

"त्यानं बघितलं कुठं?" अण्णांनी फोल्डर उघडलं. फाइल तिथंच होती.

मग तपासणीतली चूक सापडली. त्या हेडरच्या आधी दुसरं एक हेडर घ्यावं लागतं. तपासणी त्याला एकट्यालाच बोलवायची, ते अडायचं आणि ती 'नाही' लिहून मोकळी व्हायची.

"एकटं कसं येईल ते?" अण्णा हळूच म्हणाले. "सोबत लागती त्याला." त्यांनी तपासणीत एक ओळ वाढवली आणि सगळं पुन्हा बांधलं.

प्रोग्राम बोलला. जरा नाकातून, पण मराठीत. अक्कांनी आधी निधनाच्याच बातम्या लावायला सांगितल्या. अण्णा सवयीनं चष्मा लावून, पेपर मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तो न उघडताच बाजूला ठेवला.

"झालं. आता माझं काय काम?"

"बसा हितंच," अक्का म्हणाल्या. "तुमच्या वळखीचं कुनी गेलं असंल तर सांगते."

अण्णा बसले.

लातूर सोडून मला बरीच वर्षं झाली. अण्णा रिटायर होऊन उदगीरला गेले. त्यांनी पाठवलेली ती ओळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मूळ कोडमध्ये घेतली. अक्का रोज पूर्ण पेपर स्वतः ऐकतात.