पोटात ठेवलेली स्कूटर

"पोट भरलंय," म्हणत पाच वर्षांच्या यशश्रीनं सकाळपासून तिसऱ्यांदा ताट सरकवलं. यजमानांची पूजा तासभर पुढं ढकलून ढुंढिराजगुरुजी नातीशेजारी येऊन बसले.

"कशानं भरलंय गं, सोनुले?"

"आजीनं पोटात ठेवायला दिलंय."

"काय?"

संध्याकाळी चिंचेची पानं मिटावीत तसे यशश्रीनं ओठ मिटले.

वरण ढवळणाऱ्या शैलाआजींचा हात थबकला. काल तपोवनातल्या मैदानावर शेजारची स्नेहल त्यांना स्कूटर शिकवत होती. ते बघणाऱ्या नातीला त्यांनीच बजावलं होतं, "पोटात ठेव हं!" परवा लायसनची परीक्षा. त्याआधी गुरुजींना कळलं, तर "या वयात हाडं मोडायचीत का?" एवढ्यावर सगळं संपणार होतं.

"नाणं गिळलंस?" गुरुजींचा आवाज चढला.

"त्याहून मोठं."

"निरांजन?"

"खूप मोठं! वर भात टाकला, तर ते बाहेर येईल."

गुरुजींना घाम फुटला. "शैला, काय खायला घातलंस पोरीला? चल, आधी डॉक्टरकडे!"

"अहो थांबा, मीच सांगते..."

यशश्री धावली आणि दोन्ही तळव्यांनी तिनं आजीचं तोंड दाबलं. "आजी! सांगायचं नसतं!"

भुकेनं सुकलेला एवढासा जीव, पण पिलावर पंख पसरावेत तसा आजीच्या गुपितावर पसरला होता. आजींचे डोळे भरून आले. आता तोंडानं सांगितलं, तर पोरीचा उपास वाया जायचा. त्यांनी तिचे हात हळूच काढले, खुंटीवरची मुलाच्या स्कूटरची किल्ली घेतली आणि पदर खोचून जिना उतरल्या.

खाली पार्किंगमधल्या दोन खांबांभोवती त्यांनी पाय न टेकवता इंग्रजी आठाचा आकडा काढला. वर हॉर्नही वाजवला.

गॅलरीचा कठडा धरून गुरुजी खाली वाकून बघत होते. मग पुटपुटले, "अख्खा आठ काढला की हो हिनं!"

"मी नाही सांगितलं," यशश्री म्हणाली. "आता भात वाढा, आजोबा."

भात कालवता कालवता गुरुजी तिच्या कानाशी वाकले. "आजीला सांगू नकोस हं. मला अजून सायकलसुद्धा येत नाही."

"ते आहे पोटात. कधीचंच."

"आँ? कुणी दिलं?"

सकाळी आजीचं नाव सांगून बसलेली यशश्री दुपारपर्यंत मोठी झाली होती. तिनं सावकाश घास गिळला.

"दिलं कुणीतरी. सायकल बारीक असते ना, जेवताना अडत नाही."