खांद्यावरचा सत्कार

"आज बैठक तुझ्याकडे," वकील फोनवर म्हणाली आणि बारकी नवी सबब शोधू लागली.

बैठक चौघांची. दर रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि ज्याचा गाजावाजा चाललाय अशा सिनेमाची, नाहीतर पुस्तकाची, मनसोक्त चिरफाड करायची. वकील काही खरी वकील नव्हे, दहावीत होती. पण "आज उकडतंय" म्हटलं तरी तिला ते सिद्ध करून हवं असे. कॅमेरा नावाचा मुलगा गोष्टीबद्दल चकार शब्द काढत नसे, उजेड कुठून पडला होता तेवढंच सांगे. टाकी जाहिरात बघतानाही रडायची, म्हणून टाकी. आणि बारकीला बारकी का म्हणत, ते तिच्याकडे बघून कुणालाही कळत असे. आजवर तिने ही बैठक शिताफीने स्वतःच्या घरापासून लांब ठेवली होती. कधी पाहुणे येत, कधी पाणी जाई, कधी आईचं डोकं दुखे. पण या रविवारी वकीलकडे रंगकाम होतं, कॅमेऱ्याकडे तान्हं बाळ होतं आणि टाकीकडे टाकीची आई होती, जी टाकीपेक्षा जास्त रडे. सुटका नव्हती.

बारकीची अडचण म्हणजे तिचे आजोबा, आबा. आबांचं चष्म्यांचं दुकान होतं. जन्मभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून "आता दिसतंय?" असं विचारलेल्या माणसाला म्हातारपणी नजरेनेच दगा दिला. त्यांना बाजूबाजूचं दिसे, नेमकं मधलं दिसत नसे. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. आजी गेल्यावर तर ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. शेवटी बारकी हट्टाने त्यांना सिनेमाला घेऊन गेली. शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगत राहिली. मध्यंतरात आबांनी चक्क दोन कप चहा घेतला. घरी येताना ते गुणगुणत होते.

पण त्याच सिनेमात मध्यंतरानंतर एका म्हातारीने डोळे मिटले. आजीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. "आता काय झालं?" आबांनी विचारलं. "ती... बहिणीकडे राहायला निघाली," बारकी म्हणाली. "बरं झालं," आबा म्हणाले, "तिलाही जरा बदल हवाच होता."

तिथून जी घसरगुंडी सुरू झाली ती थांबेना. बारकीच्या सिनेमांत कुणी म्हणजे कुणी मरेनासं झालं. आणि कालच पाहिलेल्या सिनेमाने तर तिचा घामच काढला. त्यात एक टॅक्सीवाला बाप दुखत्या छातीने, भर वादळात गाडी हाकत मुलीला गाण्याच्या स्पर्धेला पोचवतो. मुलगी आत गात असते आणि बाहेर टॅक्सीत बापाचा जीव जातो. अख्खं थिएटर मुसमुसत होतं. बारकीने त्याला झोप लागल्याचं सांगून टाकलं. पण मग गर्दी आली, फुलं आली, माणसांनी त्याला उचललं, आणि कडेकडेचं तर आबांना दिसत होतंच.

"हे काय चाललंय गं?"

"सत्कार," बारकी म्हणाली. "मुलगी जिंकली ना, म्हणून बापाला खांद्यावर घेतलंय."

तर असे हे आबा आज बैठकीच्या खोलीत मधोमध बसले होते, आणि त्यांना तरुण मंडळींशी गप्पा मारायच्या होत्या. खरं कळलं तर ते पुन्हा खिडकीत जाऊन बसणार, आणि आपल्या शब्दावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाहीत, या धास्तीने बारकी प्रत्येकाच्या तोंडापुढे बिस्किटांचा डबा धरत होती.

"शेवटचा सीन काय घेतलाय!" कॅमेऱ्याने बसल्या बसल्या तोंड उघडलं. "टॅक्सीचं दार उघडतं, आणि फक्त त्याच्या हातावर उजेड..."

टाकीचे डोळे लगेच भरले. बारकी आबांच्या बाजूला उभी राहून दोन्ही हातांनी "नको, नको" असं खुणावू लागली. घाईत ती विसरली, की आबांना जे काही दिसतं ते बाजूलाच दिसतं.

"डास आहेत का गं?" आबांनी विचारलं. मग मित्रमंडळींकडे वळून म्हणाले, "सिनेमा झकास. पण तो सत्कार मला जरा जास्तच वाटला. पोरगी गायली, तिला उचला. हा गाडीत घोरत होता, त्याला कशाला खांद्यावर घ्यायचं?"

वकीलने हळूच विचारलं, "कुणाचा सत्कार, आजोबा?"

"चहा!" बारकी ओरडली. "सगळ्यांनी चहा करायला आत चला!"

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिने सगळी हकिकत सांगितली. "तेव्हा तो बाप मेलेला नाही," ती शेवटी म्हणाली.

"मेलाय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय," वकील म्हणाली.

"आबांसाठी नाही मेला! एकदा तरी हो म्हण ना गं."

वकीलने आयुष्यात पहिल्यांदा पुराव्याशिवाय मान हलवली. टाकी तर या हकिकतीनेच रडत होती.

चौघं चहा घेऊन बाहेर आले ते मदतीचा विडा उचलूनच, आणि तिथेच सगळं अंगाशी आलं. कारण खोटं बोलायची सवय एकट्या बारकीला होती.

"सत्कार मस्तच होता," कॅमेरा म्हणाला. "शेवटी त्याला नवी टॅक्सी देतात तेसुद्धा."

"आणि तो गातो पण," टाकीने नाक पुसत भर घातली. "सगळ्यांच्या खांद्यावरूनच."

"झोपेतून उठून लगेच कसा गाईल?" वकीलला राहवेना. "घसा बसलेला असतो."

"नवी टॅक्सी?" आबा बारकीकडे वळले. "हे मला नाही सांगितलंस."

"ते शेवटी नावं येताना दाखवलं, आबा. तोवर आपण उठलो होतो."

"अरेरे, मग पुन्हा बघायला पाहिजे. सगळे मिळूनच जाऊ," आबा खुशीत येऊन म्हणाले.

एका कानात खोटं सांगणं वेगळं, आणि रांगेत बसलेल्या चौघांनी एकाच माणसाला चार सिनेमे सांगणं वेगळं. बारकी काही बोलणार, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात आबांचे एकेकाळचे बागेतल्या बाकावरचे सोबती, निवृत्त पोस्टमास्तर उभे होते. डोळे सुजलेले, नाक लाल, हातात ओलाचिंब रुमाल.

"काल फोनवर हसून हसून पोट दुखेल म्हणालास ना रे?" ते दारातूनच गरजले. "सकाळच्या खेळाला जाऊन आलो! तो बाप मेला की! त्याला खांद्यावरून नेताना मी इतका रडलो, की शेजारच्या बाईंनी मला पाणी पाजलं!"

बारकी आबांसमोर जाऊन बसली. बाकीचे तिघं आपापल्या कपात बघू लागले.

"आबा," ती कशीबशी म्हणाली, "मी तुम्हाला..."

"बस रे आधी," आबा पोस्टमास्तरांना म्हणाले. "बाप मेला ते मला माहीत आहे."

"माहीत आहे?" बारकी, पोस्टमास्तर आणि वकील एकदमच म्हणाले.

"नजर गेली, कान शाबूत आहेत. थिएटरभर लोक हुंदके देत होते. आणि ही माझ्या कानात सत्कार सांगत होती तेव्हा हिचा गळा असा दाटून आला होता, की पोरीला शब्द फुटेना. कुठल्या सत्काराला माणूस असं रडतं?" आबांनी चाचपत बारकीच्या डोक्यावर हात ठेवला. "पहिल्या वेळेपासून माहीत आहे. ती म्हातारी बहिणीकडे गेली ना, त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. मग कशाला अडवू?"

"आणि मला का फसवलंस?" पोस्टमास्तर कुरकुरले.

"तू घराबाहेर पडत नव्हतास. आता पडलास की नाही? रडून बरं वाटलं की नाही?"

पोस्टमास्तरांनी विचार केला, रुमाल पिळला आणि एक बिस्किट उचललं. बारकीला हसूही येत होतं आणि रडूही. टाकीला असला प्रश्न कधीच पडत नसे, ती सरळ रडत होती.

"पुरे की गं," कॅमेरा तिला म्हणाला.

"हे तर काहीच नाही," टाकी म्हणाली. "बेटावरच्या कुत्र्याचं पुस्तक वाचलं होतं ना लहानपणी, तेव्हा तीन दिवस जेवले नव्हते. तो शेवटी होडी ओढता ओढता बुडतो तेव्हा."

"बुडत नाही काही," बारकी डोळे पुसत हसली. "माझं सगळ्यात आवडतं पुस्तक आहे ते. मला ताप आला होता तेव्हा आबांनी वाचून दाखवलं होतं. तो पोहत पलीकडे जातो आणि बेकरीवाल्याकडे राहतो."

टाकीने नाक पुसायचं थांबवलं.

"बुडतो," वकील म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात वाद नव्हता. "आणि बारके, त्या पुस्तकात बेकरीवालाच नाही."

बारकीने टाकीकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. दोघांनी माना खाली घातल्या. मग सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा अतिशय मन लावून चहा पीत होते. त्यांचा कप केव्हाच रिकामा झाला होता.

त्या बेकरीवाल्यावर बारकीचा फार जीव होता. त्याच्या दुकानातला उबदार वास, पांढऱ्या मिशा, भट्टीशेजारी अंथरलेलं पोतं, सगळं तिला आपल्या घरासारखं ठाऊक होतं. कितीतरी वाईट दिवशी ती मनातल्या मनात त्या भट्टीपाशी जाऊन बसली होती. ती उठली आणि आबांच्या अगदी बाजूला, त्यांना दिसेल अशी, येऊन बसली.

"आबा," ती म्हणाली, "तो त्याला रोज ताजा पाव द्यायचा. ते तरी खरं ना?"

वकीलने तोंड उघडलं. टाकीने तिचा हात घट्ट धरला, तसं तिने ते मिटलं.

"रोज," आबा म्हणाले. "रविवारी दोन."