अर्धी बाटली लवंगेचं तेल

गुरुबसप्पाची दाढ ऐन रविवारी सकाळी नऊ वाजता ठणकायला लागली, आणि वळसंगची मंडळी दहाला यायची होती. कडक भाकरी शेंगाचटणीशी खाता खाता खालच्या डाव्या दाढेचा टवका उडाला होता. एरवी त्याने त्या भाकरीवर, ती भाजणारीवर आणि शेवटी दाढेवर तासभर व्याख्यान दिलं असतं. पण आज धाकट्या बहिणीच्या, महानंदाच्या लग्नाची बोलणी होती, आणि बोलणार तोच होता.

खरं तर घरातल्यांना भीती होती ती याचीच. सोलापुरात सात रस्त्याजवळ चादरींचं दुकान चालवून चालवून गुरुबसप्पाची जीभ अशी सैल सुटली होती की दुकान बंद झालं तरी ती बंद होत नसे. महानंदाची दोन स्थळं त्या जिभेनंच घालवली होती. पहिल्या पाहुण्याच्या खांद्यावरची चादर चिमटीत धरून तो म्हणाला होता, "फसिवलंय की तुमास्नी कुणीतरी!" दुसरे पाहुणे कुंभारीचे. जन्मात नांगराला हात न लावलेल्या या माणसाने त्यांना तूर कशी पेरावी ते जेवणं होईस्तोवर समजावलं. वडील गेल्यापासून महानंदाला त्यानेच वाढवलं होतं, तिच्यावर त्याचा फार जीव होता. पण पोरगी आता बाविशीची झाली होती, आणि हेही स्थळ गेलं तर मध्यस्थ नागप्पा पुन्हा पायरी चढणार नव्हता. तसं त्याने स्पष्ट सांगितलं होतं.

दाक्षायणी, म्हणजे गुरुबसप्पाची बायको, लवंगेच्या तेलाची बाटली आणि कापूस घेऊन आली.

"कापसावर दोन थेंब घ्या नि दाढंत धरा. जिभेला लावू नका, लई झोंबतंय."

"दोन थेंबानं काय होतंय? दाढ माझी हाय, मुंगीची न्हाय."

"अहो, ऐका की जरा."

ऐकलं असतं तर तो गुरुबसप्पा कसला! त्याने कापूस बाजूला सारला, आ वासला आणि बाटली थेट दाढेवर उपडी केली. तोंडाशी भोकाचं बूच होतं, त्यातून थेंब पडेना. म्हणून त्याने ते नखाने उचकटलं. मग थेंब नाही, अर्धी बाटलीच आली. थोडी दाढेला, थोडी गालाला आणि बाकी सगळी जिभेला.

तो मोरीकडे धावला. चुळांवर चुळा भरल्या. पाच मिनिटांत दाढेचं दुखणं गेलं आणि दहा मिनिटांत जीभ गेली. म्हणजे तोंडात होती, पण शेजाऱ्याची आणून ठेवल्यासारखी. त्याने बायकोला हाक मारली, तर बाहेर नुसतं "आ… आ…" आलं. तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या.

"बर्री, बर्री!" दाक्षायणी कानडीत स्वागत करत पुढे झाली. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहताच तिला सगळं समजलं. सांगावं, तर नवरीच्या भावाची वाचा गेल्याची बातमी संध्याकाळच्या आत वळसंगभर होणार. तिने काही न घडल्यासारखं पाहुण्यांना पाणी दिलं.

मुलाचे वडील धुळाप्पा ऐसपैस बसले. शेजारी त्यांचा मुलगा भीमाशंकर, गावातल्या शाळेत मास्तर. दाराजवळ जीव मुठीत धरून नागप्पा.

"दुष्काळ सरला नि आमची जवारी पुन्हा उभारली बगा," धुळाप्पा म्हणाले. "वळसंगच्या जवारीवानी जवारी जिल्ह्यात न्हाय."

नागप्पाने डोळे मिटून घेतले. मंगळवेढ्याच्या ज्वारीसाठी गुरुबसप्पा भर बाजारात भांडलेला माणूस होता. त्याने तोंड उघडलंही, पण शब्दाआधी लाळच यायला लागली, तेव्हा तोंड घट्ट मिटून त्याने मान हलवली.

"पटलं म्हणा की!" धुळाप्पा खूश झाले. "मग लगीन आमच्या दारात करू."

लग्न सोलापुरातच, हे गुरुबसप्पाने महिनाभरापासून ठरवून ठेवलं होतं. नकारासाठी त्याने हात वर केला, पण तो वाटेतच वळवून उपरणं तोंडावर दाबावं लागलं. तेलाने डोळे वाहत होतेच.

"रडू नगा, पाव्हणं," धुळाप्पांचा आवाज हळवा झाला. "लेकीवानी ठेवू तिला."

महानंदा येऊन बसली. "पोरी, तुला काय इचारायचं असंल तर इचार," धुळाप्पा म्हणाले.

महानंदाने सवयीने भावाकडे पाहिलं. आजवर तिची सगळी उत्तरं त्यानेच दिली होती. तिने वाट पाहिली. भाऊ काही बोलेना. मग तीच हळू म्हणाली, "मला मास्तरीण व्हायचंय. लग्नानंतर शिकू द्याल का?"

गुरुबसप्पा चमकला. हे तिने घरात कधीच सांगितलं नव्हतं. सांगायला आपण तिला कधी फट ठेवली होती का, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला, आणि डोळ्यांना पुन्हा पाणी आलं. या वेळी ते तेलाचं नव्हतं.

"आमच्या शाळंत बाई न्हाईतच," भीमाशंकर मास्तर एवढंच बोलले आणि लाजले. साखर वाटली गेली.

निघताना धुळाप्पा नागप्पावर उखडले. "ह्या माणसाला तू बडबड्या म्हणत हुतास? आरं, आमी नकार ठरवूनच आलतो!" मग गुरुबसप्पाकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, आमच्या भावाभावांत बांधावरनं वाद हाय. समदे बोलत्यात, ऐकत कुणीच न्हाय. तुमच्यावानी ऐकून घेणारा पंच पायजे. पुढल्या रविवारी या."

गुरुबसप्पाने मान हलवली. दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

संध्याकाळी जीभ परत आली, तेव्हा त्याने पहिला प्रश्न बहिणीला केला. "हे आधी का सांगितलं न्हाईस?"

"आज तू गप हुतास की, आण्णा," महानंदा म्हणाली.

मंगळवारी दाढ उपटून झाली. रविवारी वळसंगला निघताना गुरुबसप्पा धोतराचा काचा मारत बांधाचा सगळा निवाडा भिंतीला मोठ्याने समजावून सांगत होता. दाक्षायणी उरलेली अर्धी बाटली आणि कापूस घेऊन समोर उभी राहिली.

"आ करा."

"आगं, दाढच काढली की!"

"दाढ काढलीय. जीभ हाय की अजून."

उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या महानंदाने चेहरा पुस्तकात लपवला. तिचे खांदे हलत होते. गुरुबसप्पाने तिच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पाटावर बसून आ वासला.

"दोनच थेंब हां," तो म्हणाला.